ताई, तुमची गोष्ट वाचली...

२०२० च्या जुलै महिन्यात, सगळे घरात अडकलेले असताना, 'दिल बेचारा' आला. थिएटरं बंद, म्हणून थेट मोबाइलवर. सुशांतसिंह राजपूतचा तो शेवटचा सिनेमा. जमशेदपूरची किझी, तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, सोबत कायम सिलिंडर, आणि त्या सिलिंडरलाही तिनं ठेवलेलं पुष्पिंदर हे नाव... तो बघताना आपल्यापैकी कितीजणींनी पदर ओला केला असेल, ते मोजायलाच नको. ही गोष्ट मुळात एका इंग्रजी कादंबरीतली. त्या कादंबरीमागे एका वाचक मुलीची आणि एका लेखकाची खरीखुरी मैत्री आहे, आणि ती मैत्री इंटरनेटमुळे जमली, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

जॉन ग्रीन हा अमेरिकेतला लेखक. कुमारवयातल्या मुलामुलींसाठी लिहितो. त्याचा धाकटा भाऊ हँक. दोघं वेगवेगळ्या राज्यांत राहायचे. १ जानेवारी २००७ पासून दोघांनी एक गंमत सुरू केली. वर्षभर एकमेकांना टाइप केलेलं एक अक्षर पाठवायचं नाही. जे सांगायचं ते व्हिडिओतून, आणि तो व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यांना बघायला मोकळा. भावाभावांच्या गप्पा त्या, कुणाला काय रस असणार? पण बघता बघता त्यांच्याभोवती हजारो मुलंमुली जमली. पुस्तकात डोकं घालून बसणारी, वर्गात जरा एकटी पडणारी. ती स्वतःला 'नर्डफायटर' म्हणवून घेऊ लागली. मराठीत सांगायचं तर, पुस्तकी किडा असल्याची लाज न वाटणारी पोरं!

त्यातलीच एक एस्थर अर्ल. २००६ मध्ये, जेमतेम बारा वर्षांची असताना, तिला थायरॉइडचा कॅन्सर असल्याचं निघालं. तो फुप्फुसांपर्यंत पोचला होता. इतर मुलींसारखं शाळेत जाणं, हिंडणं-फिरणं जमेना. मग हे व्हिडिओ, त्यावरच्या चर्चा आणि त्यातून मिळालेल्या मित्रमैत्रिणी हेच तिचं अंगण झालं. २००९ मध्ये बॉस्टनला हॅरी पॉटरच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता, तिथे तिची आणि जॉन ग्रीनची प्रत्यक्ष भेट झाली. पुढे ओळख वाढली. आजारी मुलांची एखादी इच्छा पूर्ण करणारी एक संस्था आहे. तिनं एस्थरला विचारलं, तुला काय हवं? पोरीनं परदेशवारी मागितली नाही. तिनं मागितलं, की माझ्या इंटरनेटवरच्या मैत्रिणी-मित्रांना काही दिवस बॉस्टनला माझ्यासोबत राहू द्या. जुलै २०१० मध्ये ते घडलं. जॉन ग्रीनही त्यांना भेटून गेला. महिनाभरानं, २५ ऑगस्टला, एस्थर गेली. सोळा वर्षांची होती.

जॉन ग्रीननं तरुणपणी मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काम केलं होतं. आजारी मुलांवर लिहायचा त्याचा प्रयत्न कितीतरी वर्षं चालू होता, पण जमत नव्हतं. एस्थरच्या ओळखीनंतर ते जमलं. 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' जानेवारी २०१२ मध्ये आली, ती एस्थरला अर्पण केलेली. ही एस्थरची जीवनकथा नव्हे, हे तो आवर्जून सांगत आला आहे, आणि ते बरोबरच आहे. २०१४ मध्ये त्यावर इंग्रजी सिनेमा निघाला, मग आपला 'दिल बेचारा'.

आता यातली एक गंमत बघा. कादंबरीतल्या नायिकेलाही एका लेखकाला भेटायची आस लागलेली असते. त्याचं पुस्तक तिनं पारायणं करकरून वाचलेलं. ई-मेल जातात, उत्तरं येतात, आणि ती आजारी पोर विमानानं ॲमस्टरडॅमला त्याच्या दारात जाऊन उभी राहते. तर तो दारुडा निघतो, उद्धटपणे बोलतो, तिच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. ('दिल बेचारा'त त्या लेखकाचा गायक केला होता. सैफ अली खान आठवतो ना?) म्हणजे खऱ्या आयुष्यात वाचक मुलीशी जिवाभावाचं नातं जुळलेल्या लेखकानं कादंबरीत मात्र लिहिलं, की लेखकांना भेटायला जाताना जरा जपून! मला हे फार आवडलं. कारण सोशल मीडियावर लेखक भेटतात म्हणून जो आनंदीआनंद चालतो, त्याला अशी थोडी फोडणी हवीच.

खरं तर लेखक आणि वाचक यांचं असं नातं आपल्याकडे नवं नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, सभा-समारंभांपासून चार हात लांब. सुनीताबाई देशपांडे मुंबई-पुण्याकडे. दोघांचा स्नेह वाढला तो मुख्यतः पत्रांतून. प्रत्यक्ष भेटी थोड्या, पत्रं भरपूर. सुनीताबाईंची ती पत्रं पुढे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आली आणि आजही बायका ती वाचतात. पण त्या सुनीताबाई होत्या! मोठ्या लेखकाला पत्र घालायला त्यांना संकोच वाटायचं कारण नव्हतं. आपल्या आजी-आईचं काय? पुस्तक आवडलं तर त्या शेजारणीला सांगायच्या, फार तर वाचनालयात पुस्तक परत करताना ग्रंथपालांना, "चांगलं होतं हो," म्हणायच्या. प्रकाशकाच्या पत्त्यावर कार्ड टाकता येतं हे कितीजणींना सुचत असेल? आणि सुचलं तरी, घरातले विचारणारच, "त्या लेखकाला तू कशाला पत्र लिहितेस?"

लिहिणाऱ्या बायकांची तऱ्हा याहून अवघड. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं, विभावरी शिरूरकर या नावानं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं. केवढा गहजब झाला! ही बाई कोण, याचाच शोध लागला. नावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. ज्या मुलींना वाटलं असेल की हे माझंच लिहिलंय, त्यांना हे सांगायला माणूसच नव्हता, कारण लेखिकेला लपून राहावं लागलं होतं. नव्वद वर्षं झाली, पण आजही तालुक्याच्या गावात राहून लिहिणाऱ्या कितीतरीजणी टोपणनावानं लिहितात. फरक एवढाच की आता टोपणनावालाही उत्तर पाठवता येतं.

हा फरक छोटा नाही, मैत्रिणींनो. साहित्याचे कार्यक्रम होतात पुण्या-मुंबईला, नाशिक-नागपूरला. संध्याकाळी साडेसहाला. त्या वेळी आपल्याकडे कणीक भिजवायची असते. गावातलं वाचनालय 'ड' वर्गाचं असलं तर नवं पुस्तक यायलाच दोन वर्षं. लेखिका दिसते कशी, बोलते कशी, हे कळणार कुठून? फोन हातात आला आणि हे अंतर कमी झालं. लेखिका फेसबुकवर असते. तिनं सकाळी टाकलेला मजकूर दुपारी जेवणं आटोपल्यावर आपण वाचतो, आणि वाटलं तर लिहितो, "ताई, तुमची गोष्ट वाचली..."

पुढे काय लिहितो, त्यावर सगळं आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या चेल्सी बॅनिंगची गोष्ट सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या पहिल्या कादंबरीवर सह्या करून द्यायचा कार्यक्रम एका पुस्तकाच्या दुकानात ठेवला होता. 'येणार' असं ३७ जणांनी इंटरनेटवर कळवलं होतं. प्रत्यक्षात आले दोन. बिचारीला वाईट वाटलं, लाजही वाटली. तिनं ते तेव्हाच्या ट्विटरवर लिहून टाकलं. हळदीकुंकवाला पन्नासजणींना बोलावून चारच आल्या तर आपलं तोंड जसं होतं, तसंच झालं असणार! आणि मग एकेक उत्तर येऊ लागलं. मार्गारेट ॲटवूड, जगभर वाचली जाणारी कॅनडाची लेखिका. तिनं कळवलं, की माझ्या एका कार्यक्रमाला तर कुणीच आलं नव्हतं. एक माणूस आला तो चिकटपट्टी विकत घ्यायला, त्याला वाटलं मी दुकानातली मदतनीस. स्टीफन किंगनं सांगितलं, की माझ्या एका कार्यक्रमाला एकच मुलगा आला होता, तोही भलत्याच विषयावरचं पुस्तक शोधत. जोडी पिकोनं लिहिलं, की मी अशी एकटी बसलेले असते तेव्हा लोक येऊन बाथरूम कुठे आहे ते विचारतात!

या एका प्रसंगात सोशल मीडियाच्या दोन्ही बाजू दिसतात. ते ३७ जण आणि ही उत्तरं, दोन्ही तिथलंच. ३७ जणांनी बटण दाबलं होतं. बटण दाबायला काय लागतं? भाजीला फोडणी देता देता दाबता येतं. इतक्या मोठ्या लेखकांनी मात्र आपली फजिती शब्दांत लिहून पाठवली, एका अनोळखी मुलीला. अंगठा-हृदय-हात जोडलेले, या तीन चित्रांनी कुणाचं नातं जमलेलं मी तरी पाहिलेलं नाही. "छान", "अप्रतिम", "मस्तच ताई" यांनीही नाही. ते वाईट आहे असं नव्हे. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर मान हलवावी, तसं ते आहे. पण त्याला गप्पा म्हणत नाहीत.

मग काय लिहावं? माझ्या ओळखीच्या तीन-चार लेखिकांना मी विचारलं, की तुम्हाला कुठल्या वाचकाचं लिहिणं लक्षात राहतं. उत्तर जवळजवळ एकच. जी बाई गोष्टीतली एखादी जागा नेमकी सांगते, ती. "सासूबाई चहाची बशी धुऊन पालथी घालतात तिथे मी थांबले," असं. किंवा जी चूक दाखवते, ती. एकीनं गोष्टीत सलाइन लावतानाचं वर्णन केलं होतं. ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या एका सिस्टरनं कळवलं, "ताई, असं नसतं होत, आधी आम्ही हे करतो, मग ते." लेखिकेला राग येईल म्हणून ती सिस्टर चार दिवस थांबली होती! लेखिकेनं उलट तिला फोन केला. आता दवाखान्यातलं काहीही लिहायचं झालं की आधी तिला दाखवते. मंगळावर अडकलेल्या माणसाची 'द मार्शियन' ही कादंबरी अशीच घडली. अँडी विअर हा प्रोग्रॅमर एकेक प्रकरण लिहून इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवायचा. विज्ञान जाणणारे वाचक त्याला हिशेबातल्या, रसायनातल्या चुका सांगायचे आणि तो त्या दुरुस्त करायचा. २०११ मध्ये त्यानं ते स्वतःच ई-बुक म्हणून काढलं आणि २०१५ मध्ये त्यावर मोठा सिनेमा आला.

आपल्याकडे हप्त्याहप्त्यानं गोष्ट वाचायची चटक जुनीच आहे. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकात अशीच क्रमशः आली होती, १८९० च्या सुमाराला. आता ते काम फोनवर चालतं. २०१४ मध्ये बंगळुरूला सुरू झालेलं 'प्रतिलिपी' तुमच्यापैकी बऱ्याचजणींच्या फोनमध्ये असेल. भाग वाचून संपला की खालीच चांदण्या द्यायच्या आणि मत लिहायचं. लेखिकाही आपल्यासारख्याच, कुणी अंगणवाडीत, कुणी बँकेत, कुणी घरी. रात्री ओटा पुसून झाला की लिहायला बसणाऱ्या. मला तिथल्या सगळ्याच गोष्टी आवडतात असं नाही. करोडपती नवरा आणि सोसणारी नायिका यांचा मला तरी आता कंटाळा आलाय! पण खालची मतं मी वाचते. "तिनं त्याला माफ करू नये, मी केलं आणि पस्तावले," असं एखादी लिहून जाते. तिला पाच-सहाजणी उत्तर देतात. गोष्ट एकीकडे राहते आणि बायका एकमेकींशी बोलायला लागतात. लेखिका मध्येच येऊन म्हणते, "थांबा, पुढच्या भागात बघू या." हे असं बोलणं आधी कुठे होत होतं? पाणवठ्यावर होत असेल. पाणवठे गेले.

टाइप करता येत नाही म्हणून अडायचंही कारण उरलं नाही. बऱ्याचजणी आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. एक लेखिका सांगत होती, की माझ्याकडे आलेल्या अशा निम्म्या निरोपांत मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. एक बाई बोलता बोलता, "अगं बाई, दूध!" म्हणून पळाली आणि निरोप तसाच आला. लेखिकेनं तो अजून जपून ठेवलाय.

आता जरा दुसरी बाजू. उत्तर आलंच नाही तर? पुष्कळदा येत नाही, आणि आपण मनाला लावून घेतो. मोठी झाली, गर्विष्ठ झाली. तसंही असेल! पण एक साधी गोष्ट पुष्कळजणींना माहीत नसते. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज सरळ समोर येत नाही. तो 'रिक्वेस्ट'च्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. लेखिकेनं तो कप्पा उघडला नाही तर तिला पत्ताच नाही. त्यापेक्षा तिच्या पोस्टखाली सगळ्यांसमोर दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या. मैत्रीची विनंती स्वीकारली नाही म्हणूनही रुसू नये; फेसबुकवर मित्रांची मर्यादाच ५,००० ची आहे, नावाजलेल्यांची ती कधीच भरलेली असते. त्यांचं पान फॉलो करायला परवानगी लागत नाही.

लिहिणाऱ्या बायकांचा त्रास निराळा. "तुमचं लिखाण फार आवडतं" पासून सुरुवात होते, दुसऱ्या दिवशी "जेवलात का", तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला "एक फोटो पाठवा ना". हा वाचक नव्हे. त्याला उत्तर द्यायचं सौजन्य दाखवायची गरज नाही. ब्लॉक करून मोकळं व्हावं. कधी वाचक बनून कुणी पैशाची अडचण सांगतं, कधी प्रकाशक बनून कुणी पुस्तक छापायला आगाऊ पैसे मागतं. लेखक-वाचक म्हणून दोन वर्षांची ओळख असली तरी पैशाचा विषय निघाला की आधी घरात किंवा मैत्रिणीला सांगा, आणि फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा. लाजून आठवडा घालवला तर पैसे हाती लागणं कठीण. आणखी एक, पुस्तकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात आपण शिरलो की आपला नंबर तिथल्या बाकीच्यांना दिसतो. ग्रुप कुणाचा आहे, ते विचारूनच शिरावं.

आणि घरचे? फोन बऱ्याच घरांत एकच असतो, किंवा असतो आपला पण बघतात सगळे. "एवढं कुणाशी बोलतेस?" हा प्रश्न सुनीताबाईंना कुणी विचारला नसेल, आपल्याला विचारतात. एकीनं यावर छान उपाय काढला. लेखिकेचा आलेला मेसेज तिनं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. आता सासूबाईच विचारतात, "तुझ्या त्या बाईनं काही लिहिलं का गं नवीन?" प्रत्येक घरात हे जमेल असं नाही, हेही कळतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. नाव कापणं. कुणीतरी रात्र जागून कविता लिहिते, फेसबुकवर टाकते. सकाळपर्यंत ती व्हॉट्सॲपवर फिरायला लागते आणि खालचं नाव गायब! त्याहून कडी म्हणजे तिथे कुसुमाग्रजांचं, पु. लं. चं किंवा व. पु. काळ्यांचं नाव. पु. ल. २००० मध्ये गेले, व. पु. २००१ मध्ये. त्यांच्या नावावर अजून रोज सकाळी सुप्रभात म्हणत नवे विचार येतातच आहेत! यात त्या थोरांचाही अपमान आणि जिनं लिहिलं तिचं तर सगळंच गेलं. बाईनं टोपणनावानं लिहायचं धाडस केलं, ते टोपणनावही आपण पुसून टाकायचं? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. लेखनाचे हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं आहे' असं म्हणायचा लेखकाचा हक्क शिल्लक राहतो, असं ते सांगतं. पण कोर्टात कोण जाणार? हे काम वाचकच करू शकतात, आणि करतातही. आमच्या गावच्या एका ग्रुपात एक निवृत्त शिक्षिका आहेत. निनावी कविता आली की त्या फक्त विचारतात, "हे कुणाचं?" उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवत नाहीत आणि कुणाला पाठवूही देत नाहीत. लोक वैतागतात. पण मागच्या वर्षी त्यांनी अशी एक कविता चौकश्या करत करत मूळ लेखिकेपर्यंत नेली. ती शेजारच्या तालुक्यातली निघाली! दहावीपर्यंत शिकलेली, शिवणकाम करणारी. आपली कविता तीन जिल्ह्यांत फिरून आली, हे तिला त्या दिवशी कळलं.

शेवटी एका लेखिकेची आणि तिच्या वाचक मैत्रिणीची हकिगत. दोघींना विचारून लिहिते आहे, गावं मात्र सांगत नाही. लेखिकेनं फेसबुकवर एक गोष्ट लिहिली होती. पोटातलं मूल सातव्या महिन्यात गेलेल्या सुनेची. खाली पुष्कळ प्रतिक्रिया आल्या, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी आलेले. रात्री एक खासगी मेसेज आला. लिहिणारी पन्नाशीची. "माझंही गेलं होतं. बावीस वर्षं झाली. घरात त्यावर कुणी कधी बोललं नाही. मीही नाही. आज तुमची गोष्ट वाचली." एवढंच.

काय उत्तर द्यावं, लेखिकेला कळेना. धीर धरा म्हणावं, तर बावीस वर्षं तिनं तेच केलेलं. दोन दिवस मेसेज तसाच पडून राहिला. मग तिनं एक ओळ लिहिली, "नाव ठरवलं होतं का हो?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग नाव आलं. मुलीचं.

त्याला आता सहा वर्षं होतील. त्या तारखेला लेखिका दर वर्षी न चुकता मेसेज करते, एरवी दोघींच्या गप्पा म्हणजे उन्हाळी वाळवणं, गुडघे आणि नव्यानं वाचलेलं पुस्तक. ती बाई लेखिकेच्या प्रत्येक गोष्टीची पहिली वाचक झाली आहे; आवडली नाही तर तसं सांगते. मधली दोन वर्षं लेखिकेच्या घरी आजारपण होतं, लिहिणं बंद पडलं होतं. तेव्हा या बाईनं, "लिहा हो," असं एकदाही म्हटलं नाही. रोज दुपारी अडीचला फक्त विचारायची, "जेवलात?" (वर लिहिलेल्या 'जेवलात का'पेक्षा हे निराळं, हे सांगायला नको.)

गेल्या मार्गशीर्षात त्या पहिल्यांदा भेटल्या. लेखिकेला कामासाठी जायचं होतं, वाटेत या बाईचं गाव. घरी या म्हणायची तिची टाप नव्हती. कोण, कुठली, ओळख कशी, सगळं सांगत बसावं लागलं असतं. म्हणून एसटी स्टँडवर भेटायचं ठरलं. दोघींनाही धास्ती, की समोरासमोर बोलायला काही सुचलंच नाही तर? पाऊण तास मिळाला. ज्या गोष्टीनं ओळख झाली, तिचा विषय कुणीच काढला नाही. ज्वारीचा भाव काय, मुलाचं लग्न जमतंय का, चष्म्याचा नंबर किती, असंच काहीबाही. बस लागली तेव्हा त्या बाईनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून दिला, शेंगदाण्याच्या चटणीचा.

चटणी केव्हाच संपली. डबा अजून लेखिकेकडेच आहे. रिकामा कसा पाठवायचा, म्हणून राहिलाय.